चुंबक तोच, वर्णपट सुटसुटीत

आता अ‍ॅलानिन घ्या, साधं अमिनो आम्ल. त्यातल्या मिथिल गटाची एनएमआर वर्णपटात एकच रेषा यायला हवी. येतात दोन, कारण शेजारच्या प्रोटॉनशी असलेलं युग्मन. दोन रेषांतलं अंतर साधारण 7 हर्ट्झ. 400 मेगाहर्ट्झच्या यंत्रावरही 7, 800 वरही 7. मोठ्या चुंबकाने वेगवेगळ्या गटांच्या रेषा लांब सरकतात, एवढंच. गर्दी तेवढीच, मैदान मोठं. आणि हे मैदान महाग, द्रवरूप हेलियमवर चालणारं.

1997 साली ऑस्ट्रियातल्या ग्रात्सच्या क्लाउस त्सांगर आणि हाइन्झ श्टेर्क यांनी ही फाटाफूटच पुसली! नळीच्या उंचीनुसार क्षेत्र किंचित बदलतं ठेवून निवडक स्पंद दिला, की प्रत्येक पातळ थरात वेगळ्या गटाचे प्रोटॉन निवडले जातात. बाकीचे उलटवायचे, युग्मनाचा परिणाम उलटा फिरून मिटतो. गट एक, रेषा एक. पण प्रत्येक रेषेचा संकेत एकाच थरातून, उरलेला नमुना वाया. माझ्या मते म्हणूनच ही युक्ती दहाएक वर्षं जवळपास पडून राहिली. मग मँचेस्टरच्या गॅरेथ मॉरिस, मथियस निल्सन यांच्या गटाने ती उचलली. 2014 मध्ये तिथूनच ‘सायकी’ पद्धत आली आणि संकेत बराच वाढला. मात्र दोन युग्मित प्रोटॉनांच्या रेषा अगदी चिकटलेल्या असल्या, तर अजूनही मोठं मैदानच लागतं.