परदेशी शिकायला जायचे पैसे कुणी दिले?

आम्ही नाहूरहून बोलतोय. मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंडच्या मधलं हे स्टेशन. आमच्या गटातल्या बऱ्याच जणी सातारा, सांगली आणि कोकणातून लग्न होऊन इथे आल्या. त्यामुळे तुमच्या गावातली बैठक आणि आमची बैठक यात फार फरक नसतो. वही तीच, हप्ते तेच, वादही तेच.

गेल्या बैठकीत मात्र एक वेगळाच अर्ज आला. एका ताईंची मुलगी बी.एस्सी.ला आहे. पदवीच्या मुलामुलींना उन्हाळ्यात दोन-तीन महिने परदेशात संशोधनाला बोलावतात, हे तिला कॉलेजात कळलं. एक प्रश्न हाती घ्यायचा, तिथल्या प्रयोगशाळेत त्यावर काम करायचं आणि परत यायचं. कॅनडाची मायटॅक्स, जर्मनीची डाड अशा संस्था निवडलेल्यांना भत्ता देतात. पण पोरीकडे पासपोर्टच नाही. त्याची फी 1,500 रुपये. नंबर लागला तर पुढे व्हिसा, गरम कपडे, आणि यातलं बरंचसं आधी आपल्या खिशातून. ताईंनी 10,000 रुपये मागितले.

एक मावशी म्हणाल्या, "शेळीला कर्ज देतो, शिलाई मशीनला देतो. पोरीला विमानात बसवायला कसं द्यायचं? आणि ती परत आली नाही तर?"

निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. मधल्या दिवसांत आम्ही एक गोष्ट शोधली. आपल्याकडची माणसं पूर्वी परदेशी शिकायला गेली, त्यांची नावं आपल्याला पाठ असतात. पण त्यांच्या प्रवासाचे पैसे कुणी दिले आणि कोणत्या अटीवर? गटात काम करणाऱ्या बाईला हा प्रश्न आधी सुचायला हवा, नाही का?

आनंदीबाई जोशींपासून सुरुवात केली. 1883 साली अठराव्या वर्षी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि अमेरिकेत डॉक्टरकी शिकायला गेल्या. आधी घरातले दागिने विकले. मग श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केलं, आपण का जातोय ते सांगितलं, तेव्हा लोकांकडून मदत आली. म्हणजे दागिना आणि देणगी. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या.

दुसरी गोष्ट बाबासाहेबांची. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांच्या संस्थानाने 1913 साली बाबासाहेबांना अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. पण ती फुकट नव्हती. परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची, असा करार होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे वडील वारले होते. यशवंत काही महिन्यांचा होता. रमाई त्याला घेऊन मुंबईत राहिल्या. शिष्यवृत्तीच्या कागदावर एकच सही असते, पण फेडणारी माणसं दोन असतात, असं आम्हाला हे वाचताना वाटलं.

तिथे बाबासाहेबांनी काय केलं? नुसती परीक्षा दिली नाही. 1916 च्या मे महिन्यात, पंचविसाव्या वर्षी, त्यांनी विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात जातीव्यवस्थेवर स्वतःचा निबंध वाचला. जात टिकते ती लग्नाच्या नियमांमुळे आणि त्यासाठी बाईवर घातलेल्या बंधनांमुळे, हे त्यांनी तिथे मांडलं. प्रश्न घरचा होता, पण तो मांडायला मोकळी जागा सातासमुद्रापार मिळाली.

1917 साली मुदत संपली आणि ते करार पाळायला बडोद्याला आले. राहायला घर कुणी देईना. एका पारशी पथिकाश्रमात उतरले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. ज्या नोकरीसाठी एवढं शिकले, ती त्यांना सोडावी लागली. कर्जदाराने हप्ता भरायला यावं आणि त्याला दारातच अडवावं, तसं झालं. पुढे 1920 साली ते अपुरं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले, ते मुंबईतल्या प्राध्यापकीतून वाचवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून उसने घेतलेले पैसे यांच्यावर.

आम्हाला सगळ्यात आवडला तो जमशेटजी टाटांचा हिशोब. 1892 साली त्यांनी परदेशी शिक्षणासाठी निधी उभारला. पहिल्या लाभार्थींत फ्रेनी कामा या डॉक्टर बाई होत्या. हा निधी दान देत नाही, कर्ज देतो. शिकून आल्यावर, कमावू लागल्यावर फेडायचं, आणि तेच पैसे पुढच्या विद्यार्थ्याला. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर 1957 साली केंब्रिजला गेले, तेही या निधीतून. अहो, हे आपलं अंतर्गत कर्जच की! फक्त रक्कम मोठी.

आता कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांची बहीण. 1933 साली मुंबईहून बी.एस्सी. झाल्या आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेत संशोधनाला अर्ज केला. तिथले संचालक नोबेल मिळालेले सी. व्ही. रामन. त्यांनी बाई म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष चाचणीवर घेतलं. त्यांनी दुधावर, डाळींवर काम केलं आणि ते इतकं चोख केलं, की पुढे तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. मग दोन शिष्यवृत्त्या मिळवून त्या 1937 साली केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत श्वसनाला लागणारं एक द्रव्य असतं, हे त्यांना दिसलं. 1939 साली पीएच.डी. घेऊन त्या परत आल्या. आणि पुढे मुंबईत कशावर काम केलं? नीरेवर. ताडामाडाच्या नीरेत काय पोषण आहे, आदिवासी भागातल्या गरोदर बायकांना आणि मुलांना तिचा उपयोग होईल का, यावर.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत वाचून दाखवलं. मावशी नीरेचं ऐकून जरा सावरून बसल्या, त्यांचं माहेर पालघरकडचं. "म्हणजे ती परत आली," एवढंच म्हणाल्या.

तरी प्रश्न मिटला नव्हताच. निवड झाली नाही तर? आम्ही स्पष्ट सांगितलं की या शिष्यवृत्त्यांना देशभरातून अर्ज येतात, कॉलेज कोणतं हेही काही ठिकाणी बघतात. खात्री कुणीच देऊ शकत नाही. म्हणून ठराव दोन भागांत केला. आत्ता पासपोर्ट आणि कागदपत्रांसाठी 3,000 रुपये, दहा हप्त्यांत, नेहमीच्याच व्याजाने. निवड झाली तर उरलेले 7,000. पासपोर्ट वाया जात नाही, दहा वर्षं चालतो. आणखी एक अट मावशींनीच घातली. शिष्यवृत्तीच्या अटींचा कागद पोरीने गटासमोर मराठीत वाचून दाखवायचा. भत्ता कधी मिळणार, तिकीट कोण काढणार, आजारी पडली तर दवाखाना कोण बघणार, आणि मधेच परत यावं लागलं तर काही भरावं लागतं का.

बाराजणींनी सह्या केल्या. एकीने केली नाही, तेही वहीत लिहिलंय. येत्या रविवारी पोरगी कागद घेऊन येणार आहे.