कॅरिअर, वारा आणि ॲव्हरेज

पंधराएक वर्षांपूर्वी उल्हासनगरच्या एका गॅरेजात मी एक मारुती 800 पाहिली. पुढची जाळी पत्र्याने निम्मी झाकलेली, मागच्या चाकांवर ॲल्युमिनियमच्या सपाट तबकड्या, पोटाखाली प्लास्टिकचा पत्रा. मालक बदलापूरचे. "ॲव्हरेज वाढवायचंय," एवढेच म्हणाले. मिस्त्री हसला. मी मात्र या खटाटोपाचे मूळ शोधू लागलो.

ते मूळ युरोपात सापडते. हवाई जहाजांवर काम केलेल्या पॉल याराय या अभियंत्याने 1920 च्या दशकात तेच ज्ञान मोटारीला लावले. 1934 ची टाट्रा 77 त्या विचारातून घडली. पुढे जर्मनीत वुनिबाल्ड काम यांनी दाखवले, की मोटारीचे निमुळते शेपूट मध्येच तोडले तरी वाऱ्याचा अडथळा फारसा वाढत नाही.

आपल्याकडे गंगा उलटी वाहिली. कुर्ल्यात बनणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, मुंबईत टॅक्सी झाली की तिच्या टपावर कॅरिअर चढे. 1973 च्या तेलसंकटात कच्चे तेल काही महिन्यांत जवळपास चौपट महागले, तरी कॅरिअर उतरले नाही. उतारूची ट्रंक टॅक्सीवाल्याला भाडे मिळवून देत होती.

14 डिसेंबर 1983 रोजी मारुती 800 रस्त्यावर आली. इंजिन 796 सीसीचे, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. मध्यमवर्गाच्या घरात 'ॲव्हरेज किती देते?' हा प्रश्न तिच्याबरोबर रुळला.

आता त्या बदलापूरकरांचा हिशेब करून पाहू. माणसे धरून गाडी 800 किलोची. ताशी 40 किलोमीटर वेगाने एक किलोमीटर जाताना वारा कापायला ढोबळमानाने 50 किलोज्यूल ऊर्जा लागते. टायरांचे घर्षण त्याच्या जवळजवळ दुप्पट खाते. त्याच वेगात एकदा ब्रेक मारून गाडी उभी केली, तर सुमारे 50 किलोज्यूल वाया जातात. म्हणजे एक ब्रेक आणि एक किलोमीटरचा वारा सारख्याच किमतीचे! बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगर रस्त्यावर एका किलोमीटरला किती वेळा थांबावे लागते, हे इथल्या कोणालाही सांगायला नको.

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. ताशी 80 ला तो टायरांनाही मागे टाकतो. 2002 मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर हे पत्रे कामाला आले असते. पण ही गाडी रोज जायची ती उल्हासनगरपर्यंत.

मे महिन्यात अंबरनाथच्या कोंडीत इंजिन उकळले. उभ्या गाडीत पंख्याला हवा ओढायला जाळी मोकळी लागते. ती निम्मी बंद होती. हेड गॅस्केट गेले. बिल पाहून मालक बराच वेळ गप्प बसले. वर्षभर वाचवलेले पेट्रोल त्यात गेले होते.

मिस्त्री या वेळी हसला नाही. 1949 साली फाळणीच्या निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. हाताशी असेल त्यातून वस्तू घडवून पोट भरणे या गावाला नवे नाही. असल्या खटपटीची किंमत तो जाणत होता. त्याने जाळीवरचा पत्रा काढला, चारही टायरांची हवा तपासली, घासणारा एक ब्रेक मोकळा केला आणि डिकीतले जुने सामान उतरवायला सांगितले.

चाकांवरच्या तबकड्या मात्र त्याने तशाच ठेवल्या. "यांचा त्रास नाही," तो म्हणाला, "आणि साहेबांनी हाताने बनवल्यात."