काळ्या पाण्याची शिक्षा झालेल्या स्त्रिया : पुण्यातील काशीबाई खटला

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील ज्या स्त्रियांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली गेली, त्यांत पोटचे मूल मारल्याचा गुन्हा शाबित झालेल्या विधवाही होत्या. पुण्यापुरती या विषयातील सर्वांत मोलाची साक्ष जोतीराव फुले यांची आहे. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या सक्तीच्या वैधव्यावरील टिपणाला त्यांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी लेखी अभिप्राय दिला. त्यात काशीबाई नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेची हकिगत आहे. इनाम कमिशनमध्ये नोकरीस असलेले फुल्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी ती स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला नादी लावले. दिवस गेल्यावर त्याच्याच सांगण्यावरून तिने गर्भ पाडण्यासाठी विषारी औषधे घेतली, पण उपयोग झाला नाही. मुलगा झाला. अब्रूच्या भयाने तिने त्याला सुरीने मारले आणि प्रेत घरामागच्या विहिरीत टाकले. दोन दिवसांनी पोलिसांनी तिला धरले, पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या शास्त्र्याला काही शासन झाल्याचा शब्दही फुल्यांच्या कथनात नाही. फाशी टळली म्हणून ही शिक्षा दयेची मानली जाते. परंतु दोघांनी मिळून ओढवलेल्या प्रसंगातील एकटीलाच समुद्रापार धाडणारी आणि ज्या वाड्यांत तो घडला त्यांना जसेच्या तसे ठेवणारी शिक्षा दयेची कशी म्हणावी?

काशीबाईच्या काळाबद्दल थोडे स्पष्ट करणे भाग आहे, कारण फुल्यांचे दत्तक पुत्र यशवंत यांच्या आईचे नावही काशीबाई सांगितले जाते आणि दोघींच्या कथा सर्रास एकमेकींत मिसळतात. खटल्याचा निकाल लागताच आपण स्वतःच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, असे फुले सांगतात आणि या गृहाची स्थापना १८६३ची मानली जाते. यशवंतांचा जन्म त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी झाला. म्हणजे शिक्षा झालेली काशीबाई वेगळी. तिला अंदमानात नेले, असे चरित्रकार लिहितात. फुल्यांच्या इंग्रजी अभिप्रायात मात्र शिक्षेचे नाव आहे, बेटाचे नाही. तरीही तर्क अंदमानाकडेच जातो. मुंबई इलाख्यातील कैदी पूर्वी सिंगापूर, पिनांग, मलाक्का येथे धाडले जात. १८५७च्या उठावानंतर तो मार्ग बंद होत गेला आणि १८५८मध्ये पोर्ट ब्लेअरची कैदी-वसाहत सुरू झाली.

तेथे स्त्रियांच्या वाट्याला जे आले, त्यात त्यांचे स्त्री असणेच सरकारच्या हिशेबाचे होते. वसाहतीत पुरुष कैदी कितीतरी पटींनी जास्त. चांगल्या वर्तनाच्या पुरुषांना जमीन देऊन संसार मांडू द्यावा, म्हणजे ते स्थिरावतील, असे धोरण होते आणि त्या संसारांसाठी बायका हव्या होत्या. शतकाच्या अखेरीस रूढ असलेल्या नियमांप्रमाणे स्त्रीला स्त्रियांच्या तुरुंगातच राहावे लागे. पाच वर्षांनी लग्न किंवा परवानगीने घरकामाची चाकरी, हे बाहेर पडण्याचे मार्ग होते. विवाहितेला नवऱ्यासह पंधरा वर्षांनी बेट सोडता येई, अविवाहितेला वीस वर्षे काढावी लागत. यावर कोणी म्हणेल की, १८५६चा विधवाविवाहाचा कायदा झाल्यावरही पुण्यात जे मिळत नव्हते, ते या स्त्रियांना तेथे मिळाले: दुसरे लग्न, घर, जातीबाहेरचा संसार. हा मुद्दा पोकळ नाही. अशाच जोडप्यांच्या लेकरांतून बेटावर जातिबंधन सैल झालेला, हिंदुस्थानी बोलणारा समाज उभा राहिला. पण एका बाजूला तुरुंगाच्या भिंती आणि दुसऱ्या बाजूला परप्रांतातला, परक्या बोलीचा पुरुष असताना दिलेल्या होकाराला स्वेच्छा म्हणता येत नाही. शिवाय लग्न केल्याने पाच वर्षे वाचत होती, हेही त्या होकाराच्या पारड्यात होतेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: एक जीव गेला होता, मग कायद्याने काय डोळे मिटायचे? तसे कोणीच म्हणत नाही, फुलेही नाहीत. प्रश्न शिक्षेच्या मापाचा आणि ती कोणाला दिली याचा आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला १८८१मध्ये याच गुन्ह्यासाठी फाशी सुनावली गेली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली आणि पुढे पाच वर्षांच्या कैदेवर. म्हणजे जन्मठेप या अपराधाला जास्त होती, हे अखेर सरकारलाच मान्य करावे लागले. काशीबाईच्या वेळी ते कोणी केले नाही. विजयालक्ष्मीच्या निमित्ताने वृत्तपत्रांनी स्त्रीजातीवर जी आग पाखडली, तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून उत्तर दिले. १८८२मध्ये हे पुस्तक पुण्यातच छापले गेले. धाक म्हणून तरी या शिक्षेचा उपयोग झाला का, याचे उत्तर फुल्यांच्या अभिप्रायातच आहे. गृहाची छापील जाहिरात ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्या-कोपऱ्यांवर चिकटवली होती. १८८४पर्यंत पस्तीस गरोदर विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या. त्यांची तीस मुले दगावली, पाच जगली. मृत्यूचे कारण फुल्यांच्या मते आयांनी गरोदरपण लपवण्यासाठी आधीच घेतलेली विषारी औषधे. काशीबाईच्या शिक्षेचा धाक तोवर वीस वर्षांचा झाला होता, पण या बायकांना त्याहून मोठा धाक घरातल्यांचा आणि शेजाऱ्यांचा वाटत होता.