निर्वासितांची बाग : एका उपचारपद्धतीचा इतिहास

मातीत काम केल्याने मनोरुग्णास आराम पडतो, हे मत नवे नव्हे. अमेरिकन वैद्य बेंजामिन रश यांनी १८१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे नमूद केले आहे की, रुग्णालयात लाकडे फोडणारे व बाग खणणारे गरीब रुग्ण पुष्कळदा बरे होतात. श्रमांपासून दूर ठेवलेले प्रतिष्ठित रुग्ण मात्र तेथेच खितपत पडतात. या विचारात गुण मानला होता तो श्रमाचा. बाग हे केवळ निमित्त होते.

निर्वासितांच्या बाबतीत हाच प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहिला. हेलन बॅम्बर १९४५ मध्ये, विशीच्या सुमारास, बर्गन-बेल्सेन येथे छळछावणीतून वाचलेल्यांच्या साहाय्यास गेल्या. पीडिताचे म्हणणे साक्षीभावाने ऐकून घेणे किती मोलाचे असते, हे त्यांना तेथे उमगले. १९८५ मध्ये त्यांनी लंडन येथे छळपीडितांसाठी संस्था स्थापन केली. परंतु बंद खोलीत प्रश्न विचारून ज्याचा छळ झाला, त्यास उपचारकाची खोलीही शंकास्पद वाटावी, यात नवल नाही. १९९२ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात मानसोपचारतज्ज्ञ जेनी ग्रूट यांनी हा संवाद उत्तर लंडनमधील लागवडीच्या भूखंडांवर नेला. १९०८ च्या कायद्याने नागरिकांच्या मागणीवरून असे लहान भूखंड पुरविण्याचे कर्तव्य इंग्लंडमधील स्थानिक संस्थांवर टाकले होते. त्या जुन्या व्यवस्थेस येथे नवा अर्थ प्राप्त झाला. जे उघड बोलवत नाही, ते जळलेल्या रोपाच्या वा न उगवलेल्या बियांच्या निमित्ताने बोलता येऊ लागले.

तथापि बागेस काळ लागतो, आणि निर्वासिताच्या हाती नसतो तो काळच. १९९९ च्या ब्रिटिश कायद्याने आश्रयार्थींना लंडनबाहेर विखरून ठेवण्याची व्यवस्था केली. २००२ मध्ये, सहा महिन्यांनंतर कामाची परवानगी मागण्याची त्यांची सवलतही काढून घेण्यात आली. एका हाताने वाफा द्यावा आणि दुसऱ्या हाताने मुक्काम हलवावा, असा हा विसंवाद होय.

‘निर्वासित’ या शब्दात वास्तव्य हरपल्याचा अर्थ आहे. त्याचे उत्तर मराठीतील ‘रुजणे’ या क्रियापदात सापडते. ते रोपास लागते तसेच माणसासही. मात्र दोघांनाही त्यासाठी स्थिर भूमी हवी. ती देणे उपचारकाच्या हाती नाही. ते राज्यसंस्थेचेच कर्तव्य मानावयास हवे.