व्हेनिसचा चषक आणि देहूची जिजाई

चित्रपटांस पारितोषिकें वाटण्याचा मोसम आला म्हणजे कथानक श्रेष्ठ कीं स्वभावचित्र श्रेष्ठ, हा वाद नव्यानें उपस्थित होतो. या वादांत आम्हांस १९३७ सालच्या व्हेनिस येथील महोत्सवाची साक्ष काढावीशी वाटते; कारण तेथें दोहोंचेहि टोकाचे मासले एकाच वेळीं पाहावयास मिळाले.

त्या वर्षीं उत्कृष्ट इटालियन चित्रपटास ठेवलेला, खुद्द मुसोलिनीच्या नांवाचा चषक 'आफ्रिकेचा विजेता सिपिओ' यास मिळाला. दिग्दर्शक कार्मिने गालोने. विषय हॅनिबलचा पाडाव. इटलीनें अबिसीनिया घशांत घातल्यास तेव्हां जेमतेम वर्ष झालें होतें. अशा वेळीं आफ्रिका जिंकणारा प्राचीन रोमन सेनापति पडद्यावर कां आणावा, हें सांगावयास इतिहासपंडित नको. पैसा सरकारी, सैन्य अफाट, रणांगणावर खरे हत्ती. पण सिपिओच्या मनांत एखादी शंका शिरली आहे, असें कोठें दिसत नाहीं. तो तोंड उघडतो तें जाहीरनामा वाचावयास!

त्याच महोत्सवांत पुण्याच्या 'प्रभात'चा, दामले व फत्तेलाल यांनीं १९३६ सालीं दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' दाखविला गेला व परीक्षकांनीं त्याचा विशेष गौरव केला. (परदेशी चित्रपटांचा मुख्य चषक मात्र फ्रेंच दिग्दर्शक द्युव्हिव्हिए यांच्याकडे गेला, हें आपल्याकडील उत्साही लेखकांनीं विसरूं नये.) ज्या परीक्षकांस मराठीचा गंध नाहीं, अभंग ठाऊक नाहीं, वारी ठाऊक नाहीं, त्यांस या चित्रांत काय गवसलें असेल? कथानक म्हणावें, तर तें साधेंच. सालोमालोचा मत्सर, इंद्रायणींत बुडविलेली गाथा, हें सर्व महाराष्ट्रांतील पोरासोरांसहि पाठ. सालोमालो तर एकरंगी खलपुरुष होय. तेथें लेखणी आळसावली आहे, असें आमचें मत आहे. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम अंतःकरणास भिडतो खरा. परंतु तो पहिल्यापासूनच विठ्ठलाचा झालेला आहे, त्यांत घडामोड अशी थोडीच.

घडामोड आहे ती जिजाईच्या ठायीं. गौरी ही कांहीं गाजलेली नटी नव्हे, आणि तेंच येथें उपकारक झालें. पोर आजारी पडतें तेव्हां ती त्याला ओढीत देवळांत नेते आणि पांडुरंगावर पायांतली वहाण उगारते. ही नास्तिकता म्हणावी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. देव नाहींच असें जो मानतो, तो त्याच्यावर वहाण कशास उगारील? नवऱ्याचा देव तिनें सवतीसारखा घरांत मान्य केला आहे, आणि सवतीशीं भांडावें तशी ती त्याच्याशीं भांडते. शिवाजीमहाराजांकडून नजराणा येतो तेव्हां तिला होणारा आनंद हा उपाशी घराचा आनंद आहे. दिग्दर्शकांनीं त्याची टवाळी केलेली नाहीं, हें विशेष.

चमत्कारांचेंहि तेंच. कळसूत्री देखावे व्हेनिसच्या प्रेक्षकांनीं पुष्कळ पाहिले असतील. परंतु येथें चमत्काराशेजारीं त्याला न भुलणारें एक माणूस उभें आहे, म्हणून तो पटतो. तुकाराम वैकुंठास चल म्हणतात, तेव्हां तिला पुरणपोळीची काळजी. ती आंत वळते; धांवत बाहेर येते, तों गरुड आभाळांत चढलेला असतो.