पीडीएफ उघडणारा ‘रीडर’ जुना असेल तर काय होतं? अपडेट का आणि कसं करायचं?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली नई सडक घ्या, नाहीतर बेळगाव, निपाणी, बिदरचा बाजार घ्या. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात चित्र सारखंच. कुणी गावाकडून आलेला सातबारा छापायला येतो, कुणी ई-आधार, कुणी मुलीचं प्रवेशपत्र. “भैया, व्हॉट्सॲप केलंय, दोन प्रिंट काढा.” दुकानदार फाइल उघडतो, छापतो, पुढचं गिऱ्हाईक घेतो.

राज्याबाहेर राहणाऱ्या मराठी घरांचे कागद आता असेच पीडीएफमधून इकडून तिकडे जातात. दुकानातल्या एकाच संगणकावर दिवसभर अनोळखी फायली उघडल्या जातात, आणि त्याच संगणकाच्या ‘डाउनलोड्स’मध्ये कालच्या गिऱ्हाइकांची आधारकार्डं पडून असतात. म्हणून त्या संगणकावरचा रीडर नवा आहे की जुना, हा प्रश्न सगळ्यांचाच आहे.

पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो नव्हे

पीडीएफ हा प्रकार ॲडोबी कंपनीने 1993 मध्ये आणला. दिसायला तो साधा कागद, पण आत बरंच काही असतं: अक्षरांचे फाँट, दाबून लहान केलेली चित्रं, भरायचे फॉर्म, डिजिटल सही, जोडलेल्या फायली, आणि जावास्क्रिप्टचा छोटा प्रोग्रामसुद्धा. हे सगळं वाचून पडद्यावर मांडायचं काम रीडर करतो.

या वाचण्यात चूक राहिली की भगदाड पडतं. समजा फाइल सांगते, “माझ्यातलं चित्र एवढ्या जागेत मावेल,” आणि प्रत्यक्षात माहिती निघते त्याहून जास्त. रीडरने मोजून पाहिलं नाही, तर जादा माहिती मेमरीतल्या दुसऱ्याच जागेवर लिहिली जाते. हल्लेखोर तिथे नेमक्या आपल्या सूचना बसवतो. तुम्हाला फक्त एक बिल दिसतं, मागे त्याचा प्रोग्राम चालू झालेला असतो.

प्रत्यक्ष घडलेलं

- वर्ड, 2017: समीकरणं लिहिण्यासाठी वर्डमध्ये असलेल्या एका जुन्या भागात मोठी त्रुटी सापडली. तो भाग 2000 सालापासून तसाच होता. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 2017 मध्ये दुरुस्ती दिली. तरीही पुढची कित्येक वर्षं हीच त्रुटी वापरून हल्ले होत राहिले, कारण जुनं ऑफिस अनेक ठिकाणी तसंच चालू होतं.
- आयफोन, 2021: मेसेजमधून येणाऱ्या फाइलचं नाव ‘जिफ’ चित्राचं, पण आत पीडीएफ. ती उघडायचीही गरज नव्हती. पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर अशा रीतीने फोनमध्ये घातलं जात होतं. ॲपलने 13 सप्टेंबर 2021 रोजी आयओएस 14.8 देऊन ती वाट बंद केली.
- ॲडोबी रीडर, 2023: खास बनवलेली पीडीएफ उघडली की हल्लेखोराचा प्रोग्राम चालेल, अशी त्रुटी कंपनीने 12 सप्टेंबर 2023 रोजी दुरुस्त केली. दुरुस्ती येण्याआधीच तिचा वापर सुरू झाला होता.
- फायरफॉक्स, 2024: ब्राउझरमध्येच पीडीएफ दाखवणाऱ्या भागात त्रुटी निघाली. मे 2024 च्या आवृत्ती 126 मध्ये ती दुरुस्त झाली.

दुरुस्ती आली म्हणजे धोका टळला?

नाही, उलट आहे. दुरुस्ती जाहीर झाली की भगदाड कुठे होतं हे सगळ्यांना कळतं. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून हल्लेखोरही ते शोधतात. ज्याने अपडेट केलं तो सुटला, ज्याने ‘नंतर बघू’ म्हटलं तो आधीपेक्षा जास्त उघड्यावर.

सातबारा किंवा ई-आधारवरच्या डिजिटल सहीपुढे हिरवी खूण यावी म्हणून बरेच जण ॲडोबी रीडर घेतात, तेही कधी कुणाच्या पेनड्राइव्हवरची जुनी आवृत्ती. ती खूण सही खरी असल्याचं सांगते. तुमचा रीडर सुरक्षित आहे की नाही, हे ती सांगत नाही.

काय करायचं?

1. ॲडोबी रीडर: मेनूत ‘हेल्प’, मग ‘चेक फॉर अपडेट्स’. नव्याने घ्यायचा तर कंपनीच्याच साइटवरून.
2. क्रोम: ‘हेल्प’मध्ये ‘अबाउट गूगल क्रोम’ उघडा. अपडेट आपोआप सुरू होतं, शेवटी ‘रीलाँच’ दाबायला विसरू नका.
3. वर्ड: ‘फाइल’, ‘अकाउंट’, ‘अपडेट ऑप्शन्स’. मेलवर आलेल्या फाइलला ओळख पटल्याशिवाय ‘एनेबल एडिटिंग’ दाबू नका.
4. ॲडोबी रीडरच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये जावास्क्रिप्ट बंद करा. साधा कागद वाचायला ते लागत नाही.
5. विंडोज 7 चं अपडेट जानेवारी 2020 मध्ये थांबलं. विंडोज 10 चा नेहमीचा आधारही 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. दुकानात असं मशीन असेल तर मुदतवाढीची नोंदणी करा किंवा नवी विंडोज घ्या.
6. ‘क्रॅक’ केलेलं सॉफ्टवेअर वापरू नका. त्याला अपडेट मिळेलच असं नाही, आणि क्रॅकमध्येच व्हायरस असू शकतो.
7. छापून झालं की गिऱ्हाइकाची फाइल पुसा, रीसायकल बिनमधूनही.

अपडेटने काय थांबत नाही?

व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ म्हणून आलेली एपीके फाइल ही पीडीएफ नाहीच, ते ॲप आहे. ते स्वतःच्या हाताने बसवलं तर रीडर कितीही नवा असून उपयोग नाही. तसंच नावाच्या शेवटी ‘पीडीएफ’नंतर ‘ईएक्सई’ असेल तर ती फाइल उघडू नका. एखादं पान उघडल्यावर “तुमचा पीडीएफ रीडर जुना झालाय, इथे दाबा” असं दिसलं तर तिथेही दाबू नका. अपडेट नेहमी प्रोग्रामच्या आतूनच करायचं.

शंका आली तर

आधी इंटरनेट बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून मेल आणि बँकेचे पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि लगेच 1930 वर फोन करा. हा क्रमांक सगळ्या राज्यांत चालतो, त्यामुळे खातं महाराष्ट्रातलं आणि राहणं मध्य प्रदेशात किंवा कर्नाटकात असलं तरी अडत नाही. नव्या त्रुटींच्या सूचना केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था देत असते.

पुढच्या वेळी प्रिंट काढायला गेलात की दुकानदाराला सहज विचारा, “भैया, अपडेट केलंय ना?” आणि प्रिंट हातात आली की समोरच फाइल पुसून घ्या.