दूरमुद्रक

दूरमुद्रक : (टेलिप्रिंटर). टंकलेखन यंत्रासारख्या कळफलकावर टंकलिखित केलेला मजकूर विद्युत् स्पंदांच्या रूपाने तारेवरून अथवा रेडिओ तरंगांद्वारे पाठवून दूरच्या ठिकाणी कागदावर आपोआप छापणारे यंत्र. मॉर्स तारायंत्राचा कडकट्ट आवाज ऐकून अक्षरे ओळखणारा प्रशिक्षित तारमास्तर दोन्ही टोकांना लागत असे. दूरमुद्रकाने ही गरज संपविली.

मॉर्स संकेतात प्रत्येक अक्षराची लांबी निराळी असते. कानाला हे चालते, यंत्राला अडचणीचे होते. फ्रेंच तार खात्यातील एमील बोदो (१८४५–१९०३) यांनी १८७४ मध्ये एकस्व घेतलेल्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला सारख्याच कालावधीचे पाच स्पंद दिले. स्पंद असणे वा नसणे यांची एकूण ३२ संयोगचिन्हे होतात. ती अक्षरे व अंक मिळून अपुरी पडत असल्याने, ‘यापुढे अंक’ व ‘यापुढे अक्षरे’ असे सांगणारी दोन चिन्हे ठेवून प्रत्येक संयोगचिन्ह दुहेरी वापरले जाई. बोदो यंत्राला पाचच कळा होत्या. त्या डाव्या हाताच्या दोन व उजव्या हाताच्या तीन बोटांनी, यंत्राच्या ठेक्यात दाबाव्या लागत. न्यूझीलंडचे डॉनल्ड मरी (१८६५–१९४५) यांनी १९०१ च्या सुमारास टंकलेखन यंत्राच्या कळफलकाने कागदी फितीला छिद्रे पाडण्याची योजना केली. आता बोटांच्या सोयीचा प्रश्न उरला नाही. म्हणून त्यांनी संकेताची फेरमांडणी करून इंग्रजीत वारंवार येणाऱ्या ‘ई’ व ‘टी’ यांना एकेकच छिद्र दिले, त्यामुळे यंत्राची झीज कमी झाली. फितीवरील मजकूर साठविता व पुन्हा पाठविता येई, आणि त्यासाठी तो कोणी वाचण्याची आवश्यकता नसे.

दोन दूरच्या यंत्रांची गती तंतोतंत जुळविणे हा सर्वांत बिकट प्रश्न होता. अमेरिकेतील चार्ल्स क्रम व त्यांचा पुत्र हॉवर्ड यांनी तो आरंभ-विराम पद्धतीने सोडविला. प्रत्येक अक्षराआधी आरंभस्पंद येताच ग्राही यंत्राचा अडवून धरलेला दंड सुटतो, एक फेरा पूर्ण करतो आणि विरामस्पंदावर पुन्हा थांबतो. त्यामुळे दोन्ही यंत्रांचा मेळ केवळ एका अक्षरापुरताच राखावा लागतो. आंतरराष्ट्रीय प्रमाण गती ५० बॉड होती (हे एकक बोदो यांच्याच नावावरून पडले). तीत एक स्पंद २० मिलिसेकंदांचा आणि साडेसात एककांचे अक्षर १५० मिलिसेकंदांचे होते, म्हणजेच मिनिटाला ४०० अक्षरे.

असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने १९१४ मध्ये दूरमुद्रकांचा वापर सुरू केला. जर्मनीत १९३३ मध्ये टेलेक्स सेवा निघाली. वॉशिंग्टन व मॉस्को यांमध्ये १९६३ मध्ये सुरू झालेली ‘हॉट लाइन’ हीसुद्धा लोकसमजुतीप्रमाणे लाल दूरध्वनी नसून दूरमुद्रकांची जोडणी होती. भारतात मद्रास (सध्याचे चेन्नई) येथे १९६० मध्ये हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स लि. ही सरकारी कंपनी इटलीच्या ऑलिव्हेत्ती कंपनीच्या सहकार्याने स्थापन झाली. देवनागरीतील स्वर, व्यंजने, मात्रा व जोडाक्षरे ३२ संयोगचिन्हांत बसविणे रोमन लिपीहून कितीतरी अवघड होते. मराठी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत दूरमुद्रकावर येणारा मजकूर दीर्घकाळ बव्हंशी इंग्रजीच असे. रात्रपाळीचे उपसंपादक त्याच्या लांब पट्ट्या फाडून तो भराभर मराठीत उतरवीत. मराठी बातमीच्या भाषेवर या घाईची छाप पडली. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

संगणकाला दूरमुद्रक आयताच मिळाला. जॉर्ज स्टिबिट्स यांनी सप्टेंबर १९४० मध्ये हॅनोव्हर (न्यू हॅम्पशर) येथून न्यूयॉर्कमधील बेल लॅबोरेटरीजच्या गणनयंत्राला दूरमुद्रकाद्वारे गणिते घालून उत्तरे मिळविली. पुढे १९६३ मध्ये अमेरिकेत ॲस्की हा सात अंशांचा संकेत प्रमाण ठरला. तो वापरणारे टेलिटाइप ३३ हे स्वस्त यंत्र (सेकंदाला १० अक्षरे) लहान संगणकांचे नेहमीचे साधन बनले. युनिक्स प्रणाली अशाच यंत्रांवर घडली, आणि तिच्या परिभाषेत वापरकर्त्याच्या जोडणीला अद्यापही ‘टीटीवाय’ म्हणतात. फितीला एकदा पडलेले छिद्र बुजविता येत नाही. म्हणून चुकलेले अक्षर खोडण्यासाठी सातही छिद्रे पाडीत, आणि ॲस्कीत ‘खोडा’ या चिन्हाचा क्रमांक १२७, म्हणजे सातही अंश भरलेला, आहे. मुद्रण करणारा भाग ओळीच्या आरंभी परतण्यास एका अक्षराहून अधिक वेळ घेई. यासाठी ‘मागे या’ आणि ‘कागद सरकवा’ अशी दोन चिन्हे लागोपाठ पाठवीत. विंडोजमधील साध्या मजकुराच्या फाइलींत ओळ संपताना ही दोन्ही चिन्हे लिहिण्याचा प्रघात आहे. युनिक्सने पहिले गाळले.